‘गाजलेली गाणी’ निवडतं कोण?

लतादीदींच्या किंवा आशाताईंच्या गाजलेल्या गाण्यांचा संच हातात घेताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो. इतकी वर्षं गायलेल्या गायिकेची सगळ्यात चांगली बारा-पंधरा गाणी कुणीतरी जाणकाराने बसून, ऐकून, पारखून निवडली असणार. प्रत्यक्षात बरीचशी निवड त्याआधीच होऊन गेलेली असते आणि ती कानाने नाही, कागदाने होते. कुठल्या गाण्याचं ध्वनिमुद्रण कुठल्या कंपनीकडे आहे, इथे निम्मा निकाल लागतो. तबकडीवर किंवा कॅसेटवर जागा किती, इथे आणखी थोडा. आवडीनिवडीला वाव मिळतो तो उरलेल्यात.

कोल्हापूरच्या माणसाने तरी हे नीट समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. १९४२ साली मास्टर दीनानाथ गेले आणि त्यानंतर मंगेशकर कुटुंबाचे काही दिवस याच गावात गेले. मास्टर विनायकांची चित्रपट कंपनी तेव्हा इथे होती. १९४५ च्या सुमारास लतादीदी मुंबईला गेल्या. पुढे भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना त्यांनी ‘आनंदघन’ या टोपणनावाने संगीत दिलं आणि त्यातली काही गाणी जगदीश खेबुडकरांची, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या एका शिक्षकाची. मराठी चित्रपटगीतांचा कुठलाही ‘निवडक’ संच उघडा, कोल्हापूरशी नातं असलेलं काहीतरी त्यात निघणारच. बरेचदा कव्हरवर मात्र गायिकेचा मोठा फोटो असतो आणि बाकीची नावं भिंग लावून शोधावी लागतात.

आधी ही संचाची पद्धत आली कुठून ते पाहू. पूर्वीच्या लाखेच्या तबकड्या मिनिटाला ७८ फेरे घ्यायच्या. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची, म्हणजे एका बाजूला एक गाणं. तेव्हा संच काढण्याचा प्रश्नच नव्हता. गाजलेलं गाणं हवं असेल तर ती तबकडी घ्यायची. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, बाजारात आणली. तिच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं मावू लागली आणि दहा-बारा गाणी एकत्र विकण्याची सोय झाली. १९५८ मध्ये त्याच कंपनीच्या जॉनी मॅथिस या गायकाचा नवा अल्बम वेळेत तयार नव्हता. तो दौऱ्यांत अडकला होता. कंपनीने आधी सुट्या तबकड्यांवर आलेली त्याची गाजलेली गाणी गोळा केली आणि एका एलपीवर काढली. हा संच अमेरिकेतल्या बिलबोर्ड या नियतकालिकाच्या खपाच्या यादीत सगळे मिळून ४९० आठवडे राहिला. या प्रकारचा पहिला संच म्हणून बहुतेक जण त्याचंच नाव घेतात.

यातली व्यापारी गोम अशी की खर्च आधीच होऊन गेलेला असतो. स्टुडिओचं भाडं नाही, वादकांचं मानधन नाही, गाणं चालेल की पडेल ही धाकधूक नाही. जे आधीच चाललंय तेच पुन्हा विकायचं. ईगल्स या बँडचा १९७६ चा असाच एक संच अमेरिकेत मोठ्या खपासाठीचं प्लॅटिनमचं प्रमाणपत्र मिळवणारा पहिला अल्बम ठरला, आणि २०१८ मध्ये त्याच्या खपाचा आकडा ३ कोटी ८० लाखांवर मोजला गेला. बँडने त्यासाठी एक ओळही नव्याने गायली नव्हती.

आता मालकीकडे येऊ. लेखाचा गाभा इथेच आहे, म्हणून थोडं थांबून समजून घेऊ.

आपण ‘एक गाणं’ म्हणतो तेव्हा कायद्याच्या नजरेत तिथे तीन वेगळ्या गोष्टी असतात. शब्द ही एक गोष्ट. चाल दुसरी. आणि त्या दिवशी त्या स्टुडिओत त्या गळ्यातून निघालेला, यंत्रावर पकडलेला आवाज, म्हणजे ध्वनिमुद्रण, तिसरी. कोल्हापूरच्या गुळाच्या बाजारात ऊस एकाचा असतो, गुऱ्हाळ दुसऱ्याचं आणि ढेप ज्याच्या शिक्क्याने जाते तो व्यापारी तिसराच. गाण्याचंही तसंच आहे.

उदाहरण आपल्याच मातीतलं घेऊ. ‘ऐरणीच्या देवा तुला’ हे ‘साधी माणसं’ या चित्रपटातलं गाणं. दिग्दर्शक भालजी, साल १९६५. शब्द खेबुडकरांचे, चाल आनंदघन यांची, गळा लतादीदींचा. लोहाराच्या घरातलं गाणं. भाता आणि घण घरात असलेल्या बाईने देवाकडे मागितलेलं मागणं. हे गाणं संचात घ्यायचं तर तीन दारं ठोठावावी लागतात आणि प्रत्येक दारावरच्या कुलपाची मुदत वेगळी आहे.

भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं चालतो. हे ध्वनिमुद्रण चित्रपटाबरोबर १९६५ मध्येच प्रसिद्ध झालं असं धरलं, तर त्याचा हक्क ३१ डिसेंबर २०२५ ला संपतो. शब्दांचा हिशोब वेगळा. तिथे कवीचं आयुष्य आणि त्यापुढे ६० वर्षं. खेबुडकर २०११ च्या मे महिन्यात गेले, म्हणजे शब्दांवरचा हक्क २०७१ अखेर.

आणि चाल? इथे मजेदार गुंता आहे. टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या कृतीला कायदा प्रसिद्धीपासून फक्त ६० वर्षं देतो, कारण माणूसच माहीत नसेल तर त्याचं आयुष्य मोजणार कसं? पण मुदत संपण्याआधी टोपणनावामागचा माणूस उघड झाला तर पुन्हा नेहमीचा नियम लागतो, आयुष्य अधिक ६० वर्षं. ‘साधी माणसं’ला राज्य पुरस्कार मिळाले, उत्कृष्ट संगीतासाठी आनंदघन हे नाव पुकारलं गेलं, आणि हे आनंदघन म्हणजे सभागृहात बसलेल्या लता मंगेशकरच, हे तिथे सगळ्यांसमोर जाहीर झालं. ती हकिकत आपण कौतुकाने सांगतो. कायद्याच्या हिशोबात त्या उलगड्याची किंमत ५७ वर्षांची आहे. नाव गुप्तच राहिलं असतं तर चालीचा हक्क २०२५ अखेर संपला असता. नाव उघड झाल्यामुळे आणि लतादीदी फेब्रुवारी २०२२ मध्ये गेल्यामुळे तो २०८२ अखेरपर्यंत चालतो.

एकच गाणं, तीन तारखा. २०२६ पासून त्या जुन्या तबकडीवरचा आवाज सगळ्यांसाठी मोकळा, पण त्याच आवाजात भरलेले शब्द आणि चाल अजून बंद. त्यामुळे कुणी उत्साही माणूस उद्या म्हणाला की साठ वर्षं झाली, आता मी हे गाणं माझ्या संचात घालतो, तर त्याला एका दारातून जाता येईल आणि दोन दारांत परवानगी मागावीच लागेल.

संतांच्या रचनांचं गणित याच्या उलट. ज्ञानेश्वरांच्या शब्दांवर कुणाचाच हक्क नाही. ते सगळ्या महाराष्ट्राचे. पण हृदयनाथ मंगेशकरांनी त्यांना दिलेली चाल हृदयनाथांची, आणि ती गाताना पकडलेला आवाज कंपनीचा. अभंग कुणीही गावा, स्वतःच्या चालीत गावा. ती विशिष्ट चाल वापरायची तर विचारावं लागतं.

हक्क कुणाकडे, हा पुढचा प्रश्न, आणि मला यात सगळ्यात जास्त खंत वाटते ती गीतकारांबद्दल. चित्रपटासाठी पैसे देऊन लिहून घेतलेल्या गाण्याचा पहिला मालक निर्माता, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या निकालात लावला. निर्माता ते हक्क ध्वनिमुद्रिका कंपनीला द्यायचा. कवीला गाण्यामागे एकदाच ठरलेली रक्कम. नंतर तेच गाणं दहा संचांत, शंभर लग्नांत, हजार वेळा रेडिओवर वाजलं तरी कवीच्या घरी काही यायचंच असं नाही. गायकांचीही तीच गत होती. साठच्या दशकात लतादीदींनी गायकाला रॉयल्टी, म्हणजे गाणं विकलं-वाजलं जाईल तसा वाटा, मिळाली पाहिजे असा आग्रह धरला. मोहम्मद रफींचं मत वेगळं होतं, एकदा मानधन घेतलं की गायकाचा हक्क संपला, असं. त्यावरून दोघं काही वर्षं एकत्र गायली नाहीत. लोकांना त्या भांडणाची चव आठवते. भांडण रॉयल्टीसारख्या रास्त गोष्टीवरून होतं हे विसरलं जातं. त्या दोघांची सगळी द्वंद्वगीतं सालवार लावलीत तर मध्ये जी पोकळी दिसते, ती याच वादाची.

२०१२ मध्ये कायदा बदलला. आता चित्रपटगृहातला खेळ सोडून इतर वापरासाठी गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा वाटा करार करूनही काढून घेता येत नाही. तो वाटा गोळा करून वाटण्याचं काम १९६९ साली स्थापन झालेली आयपीआरएस ही संस्था करते. गायकांसाठी २०१३ मध्ये इसरा ही वेगळी संस्था सुरू झाली.

हे कळलं की संचांमधलं एक जुनं कोडं सुटतं. एखाद्या गायकाचं सगळ्यात लोकप्रिय गाणं त्याच्याच ‘सर्वोत्तम’ संचात का नसतं? कारण ते दुसऱ्या कंपनीसाठी गायलेलं असतं. गायकाचा आवाज एकच, पण त्याची गाणी तीन-चार कंपन्यांच्या कपाटांत विभागलेली. प्रत्येक कंपनी आपल्या कपाटातलंच काढते आणि वर ‘सर्वोत्तम’ लिहिते. लतादीदींच्या बाबतीत हे कमी जाणवतं, कारण त्या काळातलं बहुतेक काम एचएमव्हीकडे होतं. तीच कंपनी २००० पासून सारेगामा नावाने चालते. ज्यांनी नंतरच्या काळात, कॅसेट कंपन्यांचं पेव फुटल्यावर गायलं, त्यांचे संच पाहा. पाच संच घेतले तरी गायक पुरा होत नाही.

ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि आणखी एक प्रकार वाढला, तो ‘व्हर्जन’ गाण्यांचा. शब्द तेच, चाल तीच, वाद्यमेळ जवळपास तोच, गळा नवा. तेव्हाच्या कायद्यात मूळ गाणं एकदा तबकडीवर आलं की ठरलेली रॉयल्टी भरून दुसऱ्याने ते गाऊन विकण्याची मुभा होती. ध्वनिमुद्रण नव्याने केलेलं असल्याने मूळ कंपनीच्या कपाटाला हात लावावाच लागत नव्हता. गल्लीच्या तोंडावरच्या दुकानात टांगलेल्या कॅसेटवर मूळ गायकाचा हसरा फोटो, मोठ्या अक्षरांत त्याचं नाव, आणि आतल्या घडीवर बारीक अक्षरांत खरा गायक. घरी आणून प्लेअरमध्ये घातली की पहिल्या आलापालाच कळायचं.

आता यावर बंधनं आहेत. मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पुरी पाच वर्षं थांबावं लागतं, किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते, कव्हरवर हे मूळ गाणं नाही असं स्पष्ट लिहावं लागतं, आणि मूळ गायकाचं नाव किंवा चित्र छापता येत नाही. नियम चांगला आहे. नव्या गायकांसाठी तर फारच चांगला, कारण त्यांचं नाव आता झाकता येत नाही.

शब्द-चालीचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा, याचा उपयोग मोठ्या गायिकाही करून घेतात. अमेरिकेतल्या टेलर स्विफ्टच्या पहिल्या सहा अल्बमची ध्वनिमुद्रणं २०१९ मध्ये कंपनीबरोबर तिसऱ्याच माणसाकडे गेली. शब्द आणि चालीवर तिचा स्वतःचा हक्क होता, म्हणून २०२१ ते २०२३ या काळात तिने त्यातले चार अल्बम पुन्हा गायले आणि ती नवी ध्वनिमुद्रणं स्वतःच्या मालकीची केली. जुनीही तिने २०२५ मध्ये विकत घेतली. आपल्याकडे चित्रपटगीतांत गायिका सहसा शब्दांची किंवा चालीची मालक नसते, त्यामुळे हा रस्ता तिच्यासाठी एवढा सरळ नाही.

मालकी झाली, आता जागा. इथे थोडं तबकडीवर वाकून बघू.

एलपी मिनिटाला तेहतीसच्या आसपास फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला साधारण १.८ सेकंद. सुई बाहेरच्या कडेला असते तेव्हा एका फेऱ्यात ती सुमारे ९० सेंटिमीटर खाचेवरून जाते. आत, लेबलजवळ आली की तेवढ्याच १.८ सेकंदांत ४० सेंटिमीटरही अंतर कापत नाही. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीने कोरलेला. परिणाम असा की शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ फुसफुसतात, झांजा चिरकतात, गळ्याची वरची पट्टी खरखरते. म्हणून ढोलकीवरची, टाळांची, भरगच्च वाद्यमेळाची गाणी बाजूच्या सुरुवातीला आणि अंगाई, विराणी, संथ भावगीत शेवटाला ठेवलेलं बरं असतं. संच ऐकताना ‘किती छान भावनिक उतार साधलाय’ असं आपल्याला वाटतं, त्यात मोठा वाटा खाचेचा असतो.

कॅसेटची अडचण वेगळी. साठ मिनिटांच्या कॅसेटला दोन्ही बाजू तीस-तीस मिनिटांच्या. एका बाजूची गाणी सव्वीस मिनिटांत संपली आणि दुसऱ्या बाजूची तीसमध्ये, तर पहिल्या बाजूला चार मिनिटं कोरी फीत फिरत राहणार. म्हणून गाणी मिनिट-सेकंदांच्या हिशोबाने इकडून तिकडे हलवायची. एखादं जरा कमी गाजलेलं गाणं संचात का आहे, याचं उत्तर कधीकधी इतकंच असतं: तीन मिनिटं दहा सेकंदांची जागा उरली होती आणि ते तिथे बसत होतं. सीडीत ७४ मिनिटं मिळाली तेव्हा ही ओढाताण कमी झाली आणि एमपीथ्रीची सीडी आल्यावर शंभर-सव्वाशे गाणी एकावर येऊ लागली. मला विचाराल तर निवडीची शिस्त तिथेच सुटली. बारा गाण्यांत कुणाला तरी नाही म्हणावं लागतं. सव्वाशे गाण्यांत कुणालाच नाही म्हणावं लागत नाही.

गाणी ठरली तरी ती जशीच्या तशी एकामागे एक लावून चालत नाही. १९५२ चं ध्वनिमुद्रण आणि १९७८ चं ध्वनिमुद्रण यांत माइक वेगळा, यंत्र वेगळं, खोली वेगळी. एक दबलेलं, एक झगझगीत. लागोपाठ वाजवली तर ऐकणारा दर गाण्याला आवाजाचं बटण पिळत बसेल. ही उंचसखल जमीन सारखी करण्याच्या कामाला मास्टरिंग म्हणतात: पातळी जुळवायची, खरखर कमी करायची, कुठे खर्ज थोडा उचलायचा. काम नाजूक आहे. खरखर काढताना हात जड पडला की तिच्याबरोबर गळ्यातला श्वासही जातो, तंबोऱ्याची झार जाते, आणि जुना आवाज प्लास्टिकसारखा गुळगुळीत होतो. जुन्या संचांत एका वाहिनीवरच्या मूळ मोनो ध्वनिमुद्रणाला दोन स्पीकरांत ओढूनताणून पसरवून ‘स्टिरिओ’ म्हणून विकण्याचीही पद्धत होती. त्या गाण्यांत आवाज समोरून न येता खोलीभर सांडल्यासारखा येतो. अशा वेळी मूळ मोनो आवृत्ती शोधून ऐका. गळा पुन्हा जागेवर येतो.

आणखी एक गोष्ट, जी ऐकणाऱ्याला नेहमी कोड्यात टाकते. चित्रपटात ऐकलेलं कडवं संचातल्या गाण्यात नसतं. ते कुणी नंतर कापलेलं नसतं. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, म्हणून तबकडीसाठी गाणं आखूड करून घेतलं जायचं आणि चित्रपटाच्या ध्वनिपट्टीवर लांब आवृत्ती असायची. तबकडीची आवृत्ती कंपनीकडे राहिली, चित्रपटाची चित्रपटाबरोबर. संच कंपनी काढते, म्हणून संचात आखूड गाणं येतं. आपल्या लहानपणी टुरिंग टॉकीजमध्ये ऐकलेलं ते जादा कडवं खरंच होतं, आठवणीचा खेळ नव्हता.

आजचा संच कसा असतो? त्याची रूपं बदलली आहेत. सारेगामाने २०१७ मध्ये ‘कारवां’ नावाचा रेडिओसारखा डबा आणला, आत ५,००० गाणी भरलेली. घरोघरी आजोबांना वाढदिवसाला तो दिला गेला आणि दिवाणखान्यात पुन्हा जुनी गाणी वाजू लागली, हे चांगलंच झालं. पण तोही त्याच कंपनीच्या कपाटातल्या गाण्यांचा डबा. यूट्यूबवर ‘ज्यूकबॉक्स’ म्हणून तासाभराचा एकच व्हिडिओ येतो, तो जुन्या कॅसेटचाच अवतार. स्ट्रीमिंगच्या अॅपवर गायकाच्या नावाची यादी आपोआप तयार होते. तिथे सगळ्यांत वर येतं ते जास्त वेळा वाजलेलं गाणं. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की ते एकदा मोजलं जातं. गाजलेलं गाणं वर दिसतं, वर दिसतं म्हणून आणखी वाजतं, आणखी वाजतं म्हणून वरच राहतं. खाली पडलेल्या गाण्याला वर येण्याची वाट उरत नाही. आकाशवाणीवर ‘आपली आवड’ला पोस्टकार्ड टाकून कुठल्याशा वाडीतला एक श्रोता विसरलेलं गाणं पुन्हा सगळ्यांना ऐकवू शकायचा. यंत्राच्या यादीत त्या एका पोस्टकार्डाला जागा नाही.

आणि मग आपली पेनड्राइव्हची पद्धत. मोबाइलच्या दुकानात जायचं, “लतादीदींची जुनी मराठी भरून द्या” म्हणायचं. “हिंदी बी टाकू का थोडी?” “टाका.” पाच मिनिटांत चारशे गाणी. ट्रॅक्टरपासून कारपर्यंत सगळीकडे तीच वाजतात. यात कुणालाच काही जात नाही, ना कंपनीला, ना कवीच्या घरच्यांना, आणि फाइलच्या नावात बहुतेक वेळा गाण्याची पहिली ओळ आणि कुठल्यातरी वेबसाइटचं नाव एवढंच असतं. पैशांपेक्षा मला हे नाव पुसलं जाणं जास्त लागतं. एक पिढी खेबुडकरांची गाणी तोंडपाठ म्हणते आणि ती कुणाची हे तिला माहीत नाही, तेही त्यांच्याच गावात.

प्रत्यक्ष कार्यक्रमांचं वेगळं आहे. शाहू स्मारक भवनात एखादा वाद्यवृंद तिकीट लावून जुन्या गाण्यांची संध्याकाळ करतो, तेव्हा तो कुणाचं ध्वनिमुद्रण वाजवत नाही, स्वतः गातो. त्यामुळे कंपनीच्या कपाटाचा संबंध येत नाही. शब्द आणि चाल वापरल्याचा परवाना मात्र लागतो, आणि तो पैसा गीतकार-संगीतकारांच्या बाजूला जातो. आयोजकांना हा खर्च जाचक वाटतो, हे मला माहीत आहे. पण ज्या शब्दांवर हॉल भरतो, त्या शब्दांचा तो वाटा आहे. लग्नातल्या वरातीला आणि लग्नाच्या घरगुती समारंभाला मात्र कायद्यानेच सूट दिली आहे.

तर पुढच्या वेळी जुना संच हाती लागला, लक्ष्मीपुरीच्या बाजारात असो की घरच्या माळ्यावर, आधी तो उलटा करा. मागच्या बाजूला खाली अगदी बारीक अक्षरांत दोन खुणा असतात. वर्तुळातला ‘पी’ ध्वनिमुद्रणाचा, वर्तुळातला ‘सी’ कव्हरवरच्या मजकुराचा आणि चित्रांचा. ‘पी’पुढचं साल पाहा. १९५०-६० च्या दशकातल्या गाण्यांपुढे १९८५ असं एकच साल असेल तर दोन शक्यता असतात: एकतर ते फक्त संच काढल्याचं साल आहे, नाहीतर गाणी पुन्हा गाऊन घेतली आहेत. ‘मूळ ध्वनिमुद्रण’ असे शब्द कुठे आहेत का पाहा. मग प्रत्येक गाण्यापुढे गीतकार आणि संगीतकार दिलेत का पाहा. जी कंपनी हे नेमाने छापते तिने बाकीचंही काम नीट केलेलं असतं, असं माझं निरीक्षण आहे. फोनवर ऐकत असाल तर गाण्याशेजारच्या तीन टिंबांवर बोट ठेवा, बहुतेक अॅपमध्ये श्रेयनामावलीचा पर्याय तिथे सापडतो. जुन्या मराठी गाण्यांत ती बरेचदा अर्धी असते किंवा चुकीची, गायिकेचंच नाव गीतकार म्हणून लावलेलं. घरात एलपी असेल तर तिच्या मागच्या बाजूशी ताडून पाहा, आणि चूक सापडली तर अॅपच्या मदत विभागातून ज्या कंपनीने ते गाणं चढवलं तिला कळवता येतं. चूक दुरुस्त करणं तिच्याच हातात असतं.